रॉकीचे केस आणि मामांची कातर

मागच्या महिन्यात एका शनिवारी दुपारी शाळेतून घरी आले, तर अंगणात पांढऱ्या केसांचा ढीग पडला होता. शेजारी मामा, म्हणजे माझे सासरे, बसले होते आणि त्यांच्या मांडीत आमचा रॉकी... अर्धा बोडका.

रॉकी फॉक्स टेरियर आहे, पांढऱ्यावर काळे-तांबूस डाग, राठ केसांचा, दाढीवाला. आमच्या गल्लीतले बँकेतले साहेब बदली होऊन गेले आणि तो आमच्याकडे आला. सोलापुरात ह्या जातीचा दुसरा कुत्रा मी तरी पाहिलेला नाही. फिरायला निघालो की कुणीतरी विचारतंच, "मॅडम, ह्यो कंचा परकार?"

मग मी सांगते. सांगायची मला जरा हौसच आहे... इंग्लंडमध्ये कोल्हा बिळात शिरला की त्याच्यामागे आत घुसून त्याला बाहेर काढायला ही कुत्री तयार केली. म्हणून अंगानं लहान, छाती अरुंद आणि भीती कशाशी खातात ते माहीत नाही. उकरायचं वेड तर इतकं, की आमच्या घरी तुळस सोडून एकही कुंडी धड नाही.

केसांचं वेगळंच शास्त्र आहे. वरचे राठ, आतले मऊ. कात्री लावायची नाही, मेलेले केस चिमटीनं उपटून काढायचे. कात्री लावली की पुढचे केस मऊ येतात, रंग उतरतो आणि उघडी कातडी उन्हानं भाजते. हे मी घरात दोन-तीनदा ऐकवलंही होतं.

मामांचं सगळं आयुष्य मैंदर्गीकडे मेंढरांत गेलं. गुडघ्यांनी दगा दिल्यावर मेंढरं विकून ते आमच्याकडे राहायला आले. लोकर कातरायची मोठी कातर मात्र विकली नाही, फडक्यात बांधून सोबत आणली.

त्या आठवड्यात रॉकी नीट खात नव्हता. चार दिवस त्यानं एकही कुंडी उकरली नव्हती. ऊन एवढं, की माणसंही मलूल होतात, कुत्र्याचं काय... असं म्हणून मी सोडून दिलं होतं. मामांनीही उकाडा बघूनच कातर चालवली असणार, असं मी धरून चालले.

आणि माझा तोल गेला. शेजारच्या वहिनी गच्चीवर कपडे काढत होत्या, त्यांच्या देखत मी ओरडले, "मामा, हे मेंढरू नाही! कळत नाही तर हात कशाला लावायचा?"

मामांनी राहिलेलं पोट कातरून पुरं केलं आणि कातर पुसून ठेवली. वहिनी गुपचूप खाली उतरून गेल्या.

संध्याकाळी मी रॉकीला डॉक्टरांकडे न्यायला निघाले. कातडीला इजा झाली असेल तर ती मामांना दाखवावी, हाही एक हेतू होता... खोटं कशाला बोलू? मामा न सांगता रिक्षात येऊन बसले.

दवाखान्यात त्यांनी खिशातून एक छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली. आत रॉकेलमध्ये बुडवलेले गोचीड. पंधरा-वीस तरी असतील.

"काखंत हुतं, कानामागं हुतं, बोटांच्या बेचक्यात हुतं. केसात गावंनात, म्हनून कातरलं," मामा म्हणाले. डॉक्टरांनी विचारलं, संशय कशानं आला? "पापनी उलटून बगितली की. आत पांडरी फटक. मेंढराचं आमी आसंच बगतो. आंगात रगत न्हाय म्हनल्यावर कायतरी पीत आसनार."

डॉक्टरांनी रॉकीची पापणी खाली ओढून पाहिली आणि लगेच रक्त तपासायला घेतलं. गोचीड ताप निघाला. आणखी दोन-चार दिवस गेले असते तर रक्त चढवावं लागलं असतं, म्हणाले, आणि इथे ते मिळेलच असं नाही.

परतताना रिक्षात मी विचारलं, "मामा, आधी का नाही सांगितलं?"

"तू येवडं वाचतीस त्येच्यावर. तुला ठावं आसंल म्हनलं."

टोमणा नव्हता. टोमणा असता तर परवडलं असतं... त्यांना खरंच तसं वाटलं होतं. मला लाज वाटली.

महिनाभर गोळ्या झाल्या. दुपारच्या उन्हात रॉकी आमच्या ह्यांचा जुना बनियन घालून हिंडतो. नवे केस मऊ येताहेत, रंगही उतरलाय... तेवढं वाचलेलं खरं निघालं. बाकी आता दर रविवारी मामा त्याला मांडीत घेतात आणि कुठे काय चाचपायचं ते मला दाखवतात. शिकायला वेळ लागतोय.

माफी मी त्याच रात्री मागितली होती, पण घरात, दार लावून. बोलले मात्र होते भर अंगणात. म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहिते, मामा, त्या दिवशी कळत नव्हतं ते मला.

मामांना लिहिता-वाचता येत नाही. त्यामुळे ही पोस्ट मी त्यांना अंगणात बसून वाचून दाखवणार आहे... वहिनींना चहाला बोलावलंय.