मालुबाईचा नवस

शहापुरात भरमूआप्पाची साक्ष ऐकली नाही असा माणूस सापडणं कठीण. चाळीस वर्षं माग चालवलेला हा विणकर. माग थांबला तरी तोंड काही थांबलं नाही. खांद्याला पिशवी, पिशवीत येशूची पत्रकं. चहाच्या टपरीवर कुणी नुसतं खोकलं तरी आप्पा सरकून शेजारी बसायचा. "मी बी असाच खोकत हुतो बघ, वीस वर्सांमागं. डॉक्टरनं हात टेकलं. मग पाळकसाहेब आले, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आनि तिसऱ्या दिवशी मी उठून जेवलो. येशूनं उठवलं मला!" कुणी हसायचं, कुणी चिडायचं. बेळगुंदीत एकदा एकानं पत्रकं गटारात भिरकावली. आप्पानं ती वेचली, धुतली आणि घरी आणून वाळत घातली.

सगळ्या मुलखाला सांगून झालं, घरची बायको तेवढी राहिली. मालुबाई प्रार्थनेला येणाऱ्यांसाठी चटया अंथरायची, चहा करायची आणि स्वतः आत जाऊन बसायची. "तुमचं तुमच्यापाशी," एवढंच म्हणायची. परक्यांनी दारातून हाकललं तरी आप्पाला काही वाटत नसे, पण हिचं हे वाक्य मात्र जिव्हारी लागायचं.

यंदा मालुबाईला पोटाचा कर्करोग निघाला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. आप्पा रोज उशाशी बसून प्रार्थना करी आणि शेवटी विचारी, "मालू, आता तरी त्याला हाक मारतीस न्हवं?" तिनं जाण्याआधी एकदा हो म्हणावं, म्हणजे पलीकडे दोघांची ताटातूट होणार नाही, याच एका आशेवर म्हातारा उभा होता.

एका दुपारी तीच म्हणाली, "अवं, माझं एक काम कराल?"

"सांग की."

"तुमी आजारी हुता तवा मी माहेरच्या रवळनाथाला नवस बोलले हुते. धनी उठून जेवलं तर पाच नारळ फोडीन म्हनून. तुमी उठलासा. पन मी फेडाय गेलेच न्हाय."

आप्पानं विचारलं, "का गं?"

"तुमी समद्यास्नी सांगत सुटला, येशूनं उठवलं म्हनून. मी नारळ घिऊन निघाले असते तर लोकांनी तुमास्नी खोटं पाडलं असतं."

वीस वर्षं ती गप्प राहिली होती. घरात कुणी शिंकलं तरी नवस आठवून तिच्या काळजात धस्स व्हायचं, आणि बाहेर हा बाबा साक्ष देत हिंडत होता.

"तुमी फोडू नगासा," ती म्हणाली. "नुसतं मला तितंवर न्या. फेडल्याबगर जायाला भ्या वाटतंय."

तेव्हाच गाडी करायला हवी होती. पण आप्पानं भीतीवरची दोन वचनं वाचून दाखवली आणि म्हणाला, "रविवारी पाळकसाहेबांना इचारतो." मालुबाईनं मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं. शुक्रवारी ती गेली.

पंधरा दिवसांनी आप्पा जांबोटीच्या एसटीत बसला. तिथून तिच्या माहेरापर्यंत रानातून चालत गेला. पत्रकांच्या पिशवीत पाच नारळ होते. देवळाची पायरी काही तो चढला नाही. गुरव बाहेर आला, नारळ घेत म्हणाला, "कुनाच्या नावानं?"

"मालुबाईच्या. ह्याच गावची लेक. माझ्यासाठी बोलली हुती."

गुरवानं नारळ फोडून खोबऱ्याची एक भकल त्याच्या हातावर ठेवली. आप्पानं ती खाल्ली नाही आणि टाकलीही नाही. धोतराच्या सोग्यात बांधून घरी आणली, आणि मालू जिथं निजायची तिथं ठेवून ढसाढसा रडला.

पुढं टपरीवर एक हमाल खोकताना दिसला. सवयीनं आप्पा शेजारी सरकला. "मी बी असाच खोकत हुतो बघ..." आणि थांबला.

"मग?" हमाल म्हणाला.

आप्पानं हातातलं पत्रक परत पिशवीत ठेवलं.

"बायको हाय घरात?"

"हाय की."

"मग आधी घरी जा," आप्पा म्हणाला. "ती काय म्हनतीया ते ऐकून ये."