के-वालं नो

आमच्या वहिनीला इंग्रजी येतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पांढुर्ण्याच्या एका शाळेत तिनं स्वतःच्या तोंडानं, तेही दोनदा, येत नाही असं सांगितलं होतं.

मध्य प्रदेशातला आमचा पांढुर्णा जिल्हा झाला आणि तिथे गल्लोगल्ली इंग्रजी शाळांच्या पाट्या लागल्या. त्यातल्या एका शाळेला दुसरीच्या वर्गासाठी बाई हवी होती. वहिनी बी.ए. झालेली. लग्न होऊन सौसरला आली तेव्हापासून तिला शिकवायचं होतं, आणि मिळालं काय, तर हंगामात संत्री निवडायचं काम. ही नोकरी तिला मनापासून हवी होती. मुलाखतीला मी सोबत गेले आणि ऑफिसबाहेरच्या व्हरांड्यात थांबले.

मी आमच्या मराठी मंडळाची पत्रकं लिहिते. मराठी शाळांना कुलपं लावणाऱ्यांविरुद्ध मी जितकं लिहिलंय तितकं तालुक्यात कुणी लिहिलं नसेल. अशी मी, आणि इंग्रजी शाळेच्या व्हरांड्यात देवाला आले असावे तशी उभी! यात कुणाला विसंगती दिसत असेल तर खुशाल दिसो. माझा राग इंग्रजीवर नाहीच. आपल्या भाषेला वर्गाबाहेर उभं करणाऱ्यांवर आहे.

वहिनी आत गेली आणि लगेच बाहेर आली.

"काय विचारलं?"

"डू यू नो इंग्लिश, म्हणे."

"मग?"

"मी म्हटलं, नो, मॅडम. त म्हणे, मग आल्या कायले? मले वाटलं ऐकू नाही गेलं. मी आखीन जोरानं म्हटलं, नो! नो, मॅडम!"

"अवो वहिनी! आय नो म्हणायचं होतं न!"

तिच्या डोक्यात होतं ‘माहीत आहे’. घाबरून त्यातला ‘आय’ घशातच राहिला, आणि मुख्याध्यापिका मॅडमच्या कानावर पडलं ते सरळ ‘नाही’. वहिनीच्या हे लक्षात आलं तशी ती मागे वळली आणि न विचारता पुन्हा आत घुसली. खिडकीतून मला तिचा आवाज आला, "मॅडम, मी के-वालं नो म्हटलं होतं. बिगर के-वालं नाही!"

आत कुणीतरी जोरात हसलं. मॅडमच हसल्या होत्या. वहिनी बाहेर आली ती निरोप घेऊन : सोमवारी या, आणि दुसरीच्या पोरांना हेच शिकवून दाखवा. के आणि एन जोडीनं सुरू होणारे शब्द.

मधे एक रविवार होता. वहिनी कणीक मळत होती आणि मी शेजारी बसून मोबाइलवर शब्द शोधत होते.

"हे नीड बघा. एक नीड म्हणजे गरज. आणि हे के लावलेलं नीड म्हणजे कणीक मळणं."

"दोन्ही एकच त हाय. गरज हाय म्हणूनच मळून राहिली न मी?"

नाइफ म्हणजे चाकू, नॉट म्हणजे गाठ, नॉक म्हणजे दार ठोठावणं, निट म्हणजे विणणं. प्रत्येक शब्दात के पुढे उभा आणि तोंडातून चकार शब्द नाही. हा के शेकडो वर्षांपूर्वी बोलला जायचा, पुढे बोलण्यातून गळला आणि लिहिण्यात तेवढा राहिला, हे वाचून माझं डोकंच फिरलं. जो बोलायचाच नाही तो पोरांच्या पाठीवर कशाला? आपल्याकडे लिहिलं तसं वाचता येतं! मी मथळाही ठरवून टाकला : मुक्या अक्षरांची सक्ती बंद करा!

"ताई, तुमचं पत्रक मंग काढजा. पोट्ट्यानं विचारलं, के काहून बोलत नाही, त काय सांगू?"

मी विचार करायला लागले तोवर तिनंच बाहेरच्या खोलीकडे मान वळवली. तिथे पंगतीच्या जागेवर बाबा जेवणाची वाट पाहत बसले होते.

"आपल्या मामाजींसारखं," ती हळूच म्हणाली. "तोंडातून शब्द नाही, पण पहिली जागा त्याइचीच."

"काय म्हणून राहिल्या माह्याबद्दल?" बाहेरून बाबा.

"के बोलला!" वहिनी म्हणाली, आणि आम्ही दोघी हसून हसून परातीवर वाकलो.

सोमवारी मॅडमनी मला वर्गात मागच्या बाकावर बसू दिलं. त्या स्वतः दाराशी खुर्ची टाकून बसल्या आणि आधीच बजावलं, "अर्थ हिंदी में बताइए. क्लास में मराठी नहीं." सगळा वर्ग घरी मराठी बोलणारा आणि अर्थ सांगायचा हिंदीत! माझे कान तापले. वहिनीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंड मिटलं.

तिनं फळ्यावर ‘नी’ लिहिलं, के लावून.

"नी माने घुटना."

"नी माने घुटनाऽऽ," पोरांनी सूर लावला. त्यांना समजलं की नाही, देव जाणे. तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, घुटना म्हंजे टोंगळा न?"

गुडघ्याला आमच्याकडे टोंगळाच म्हणतात. वहिनीच्या तोंडून निघून गेलं, "हो बाप्पा, टोंगळा!"

अख्ख्या वर्गानं आपापले टोंगळे धरले. कुणी शेजाऱ्याचा धरला. एकानं बाकावर पाय टाकून आपला टोंगळा किती फुटलाय तेही दाखवलं. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या, पण दाराशी मॅडमच्या कपाळावर आठी होती. गेली नोकरी, असं मला वाटलं.

त्या गोंधळात तीच मुलगी पुन्हा उठली. "के बोलत नाही त लिवाचा काहून?"

 वहिनीनं फळ्यावर चारही अक्षरांचं ‘नो’ लिहिलं. "ये क्या है?"

"नो! माने मालूम होना!"

तिनं बोटानं के पुसला. "अब पढ़ो."

पोरं अडखळली. मग एक जण ओरडला, "नाउ! नाउ माने अभी!"

"देखो. के चला गया, और अपना मालूम होना भी ले गया."

पोरं फळ्याकडे बघत राहिली. मीही बघत राहिले. आदल्या दिवशी मोबाइलवर हे सगळे शब्द मीच शोधले होते, पण हे मला दिसलं नव्हतं. मॅडम उठल्या, फळ्याजवळ गेल्या, स्वतः के पुन्हा लिहिला आणि म्हणाल्या, "ये टोंगळा-वोंगळा नहीं चलेगा. अगले सोमवार से आइए."

परतीच्या बसमध्ये माझं पत्रक मनात तयार होत होतं. पोरांच्या टोंगळ्याला वर्गात जागा द्या! मी वहिनीला ते मोठ्यानं ऐकवलं.

"लिवा न. पण शाळेचं नाव टाकसान त पाहा. माही नोकरी हाय ते."

"आणि त्या बाईचं काय? मराठी बोलायची नाही म्हणजे काय?"

"शेवटी काय म्हटलं तिनं? टोंगळा नाही चालत, एवढंच म्हटलं. चालाले शिकवीन मी त्याले, हळूहळू. तुमी आता चूप राहा जरा. सोमवारी पयले काय शिकवाचं, ते ठरवून राहिली मी."

तिनं खिडकीशी डोकं टेकलं. ओठ हलत होते, बोटं मांडीवर अक्षरं काढत होती. सौसर येईपर्यंत मी गप्प बसले. मला ते सोपं जात नाही.