माझ्या हातची सैल मोळी

मी स्पेनला निघाले तेव्हा दसरा होऊन गेला होता. चौसाळ्याच्या फाट्यावर दोन गाड्या उभ्या होत्या. पुण्याच्या बसमध्ये मी एकटी. ऊसतोडीच्या ट्रकमध्ये आई, आण्णा आणि माझी धाकटी बहीण संगी. आई म्हणाली, "आमी दर साली जातो, तू पयल्यांदाच चाललीस. रडायचं न्हाई." आणि संगीच्या खांद्यावर हात टाकून बसली. गावाला माझा हेवा वाटत होता. मी त्या खांद्याकडं बघत होते.

लहानपणापासून हेच. मी हुशार म्हणून वसतिगृहात, संगी त्यांच्यासोबत उसाच्या फडावर. सहा महिने आई तिची. लोक म्हणायचे, पोरीनं नशीब काढलं. काढलं की! पण परत आल्यावर त्या दोघी एकमेकींकडं बघून हसायच्या आणि कशाला हसल्या ते मला कुणी सांगायचं नाही.

इथं व्हॅलेन्सियात मी भिंतीवर कविता हलवते. प्रोजेक्टरनं शब्द पाडायचे, बघणाऱ्याचे हात सेन्सरनं टिपायचे. हात हलले की शब्द हलतात. गेल्या वर्षी एक स्पॅनिश कविता घेतली, गव्हाच्या पेंढ्या बांधणाऱ्या बाईची. मला लगेच आपली उसाची मोळी आठवली. हवेत मोळी बांधली की विस्कटलेल्या ओळी गोळा होणार! बांधायची रीत मीच करून दाखवली आणि मशीनमध्ये भरली. सगळे खूश, मी तर लई खूश.

व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं. ती जरा वेळ बघत राहिली. "ही कुणी बांधली गं? गाठ कावून मारली? उसाच्या शेंड्याला पीळ देऊन खोचत्यात. डोक्यावर घेतली की सुटंल ही. संगीला इचार."

संगीला इचार! अंगाची लाही लाही झाली. सरळ सांगते, एवढी मी कुणावर जळले नाही. चार दिवस घरी फोन केला नाही. पण ती गाठ डोळ्यांपुढून हलेना. शेवटी संगीलाच विचारलं. तिनं फोन भिंतीला टेकवला, मोळीवर गुडघा दाबला, पीळ दिला, खोचला. झालं. त्यावरून मी सगळं नव्यानं केलं. प्रदर्शनात म्हाताऱ्या स्पॅनिश बाया गुडघा टेकून शब्द बांधत होत्या. पाटीवर नाव एकटीचं, माझं. संगीचं लिहायला मी विसरले नव्हते.

मी घरी पाठवलेल्या फोटोंतली पाटी संगीनं मोठी करून बघितली आणि फोन केला. "आक्का, हात माझे हायेत ना? मग नाव कावून न्हाई?"

माझा तोल गेला. "सहा-सहा महिने आई तुझी होती ना! मला काहीतरी माझं एकटीचं नको?"

ती म्हणाली, "आई माझी? फडावर ती रोज तुझंच बोलायची. आक्का आता जेवली आसंल, आक्काची आता परीक्षा आसंल. मी मोळ्या बांधायची आन ऐकायची."

दुसऱ्या दिवशी पाटी बदलली, तिचं नाव आधी घातलं. तिनं अजून काही कळवलं नाही. घर म्हणजे मी नसताना जिथं सगळे सुखात असतात ती जागा, असं मी इतकी वर्षं समजत आले. तिथं तर मी रोजच होते, संगीच्या वाट्याची आई घेऊन बसलेली.