भाड्यातलं आणि भाड्याबाहेरचं

त्या जहाजावर व्हिस्की फुकट होती आणि संत्र्याचा रस विकत. ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं, पण कागदावर तसं छापलेलंच होतं. प्रत्येक खोलीत टेबलावर एक गुळगुळीत कागद ठेवलेला असायचा, 'आपल्या भाड्यात काय काय आहे' असं वर लिहिलेला. त्यात बिअर होती, लाल-पांढरी वाइन होती, ठरावीक किमतीपर्यंतची व्हिस्की, रम नि जिन होती, मशीनमधली थंड पेयं होती, चहा आणि साधी कॉफी होती. खाली बारीक अक्षरात काय नाही ते: ताज्या फळांचा रस, बाटलीतलं पाणी, दाणे दळून केलेली कॉफी आणि खोलीतल्या छोट्या फ्रीजमधलं काहीही. असं का, म्हणून विचारणाऱ्याला एकच उत्तर मिळायचं. दारू वर्षभर पडून राहिली तरी तिला काही होत नाही, संत्री चार दिवसांत माना टाकतात. बाटलीचं नुसतं झाकण फिरवायचं असतं, रसाला मात्र माणूस लागतो. कंपन्या काही खुळ्या नसतात.

हे उत्तर सगळ्यात झकास द्यायचा तो सरबत. भांडी घासणाऱ्यापासून कॅप्टनपर्यंत सगळे त्याला सरबतच म्हणत. आणि गंमत अशी, की हा सरबत मोठ्या बारवर उभा राहून दारू ओतायचा. एक-दोन नाही, अठरा वर्षं.

त्याचं असं झालं. त्याचे वडील पिणारे. थोडं पिणारे नव्हेत, घर पिणारे. आई घरातल्या पुढच्या खोलीत टेबल टाकून लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची, त्यावर घर चालायचं, आणि उरलेलं वडील कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानात पोचवायचे. एकदा ती हातातली इस्त्री टाकून त्या दुकानात गेली. दुकानदाराला म्हणाली, दोन ग्लास झाले की संपली म्हणून सांगत जा, एवढं एक कर. दुकानदार हसला. म्हणाला, "बाई, मी विकतो. मोजायचं ते ज्याचं त्यानं मोजावं." दुकान भरलेलं होतं, सगळे हसले. वडीलही हसले, हे तिच्या जास्त जिव्हारी लागलं. तिसऱ्या वर्षी त्यांच्या पोटात पाणी झालं आणि ते गेले. आईने पोराला आणि पोरीला समोर बसवून सांगितलं, की दगड फोडा, रस्ता झाडा, पण त्या धंद्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नका.

आणि पोरगा जहाजावर लागला. पहिले सात महिने तो खरोखर रसाच्या काउंटरवर होता, आणि आईला तसं सांगितलं ते सोळा आणे खरं होतं. पण त्याचा हात चांगला. डोळे मिटून ओतलं तरी मापात. बारच्या मॅनेजरने ते हेरलं आणि त्याला उचलून मोठ्या बारवर नेलं. पगार दीडपट झाला. पुढच्या सुट्टीत आईला सांगून टाकू, असं ठरवून तो घरी गेला, तर आईने अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं, माझा मुलगा जहाजावर सरबताचा साहेब आहे. शेजारीपाजारी लिंबं घेऊन हजर. त्याने पातेलंभर सरबत केलं, सगळ्यांनी बोटं चाटली, आणि ओठांवर आलेलं त्याने गिळून टाकलं. मग दर सुट्टीला तेच. बहिणीच्या लग्नात तर अडीचशे माणसांना त्याचंच सरबत. फोनवर आई विचारायची, आज कुठली फळं आली? तो बारच्या मागे उभा राहून सांगायचा, अननस आलाय, गोड आहे. बाकीचे हे ऐकायचे. तेव्हापासून नाव पडलं.

स्वतः त्याने मात्र एक थेंबही कधी जिभेवर ठेवला नाही. वासावरून सांगायचा काय कमी, काय जास्त.

एकोणिसाव्या वर्षी बहिणीने घोळ घातला. कंपनीची योजना होती, जुन्या कामगाराने घरचं एक माणूस आठवडाभर पाहुणा म्हणून आणावं, सगळं भाड्यात. बहिणीला खरं काय ते ठाऊक होतं. तरी तिने आईचा फॉर्म भरला, पाठवला आणि मग भावाला फोन केला. आई थकलीय, आता नाही तर कधी, बाकीचं तुझं तू निस्तर, म्हणाली आणि फोन ठेवला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

मॅनेजरच्या हातापाया पडून त्याने एक आठवडा रसाचं काउंटर मागून घेतलं. तिथली मुलगी हसत हसत त्याच्या जागी बारवर गेली. मॅनेजर म्हणाला, एवढा बाप्या गडी आणि आईला घाबरतोस? सरबत म्हणाला, तुम्ही माझी आई पाहिली नाही.

आई आली. हातात स्वतः इस्त्री केलेल्या कपड्यांची बॅग, डोळ्यांवर दोरी बांधलेला चष्मा. खोली पाहिली, चादरीची घडी बोटाने तपासली, बरी आहे म्हणाली. मग टेबलावरचा तो कागद उचलला. कपड्यांच्या गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या वाचायची तिला आयुष्यभराची सवय, त्यामुळे बारीक अक्षरांना ती दबत नव्हती. वाचता वाचता तिच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"दारू फुकट आणि फळांचा रस विकत?" ती म्हणाली. "कुठल्या दीडशहाण्याने लिहिलंय हे?"

सरबताने माना टाकणाऱ्या संत्र्यांचं ते उत्तर तिलाही दिलं. जन्मात पहिल्यांदा ते त्याचं त्यालाच पटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती काउंटरसमोर खुर्ची टाकून बसायला लागली. सकाळी नाश्ता झाला की येऊन बसायची ती थेट संध्याकाळपर्यंत. आणि तिला जे दिसायचं ते दिसलंच. पोहण्याच्या तलावापलीकडे मोठा बार, तिथे सकाळी अकरापासून झुंबड. इकडे तिच्या मुलाच्या काउंटरवर चिटपाखरू नाही. फुकट सोडून विकत घ्यायला कोण मरायला येतो? तासाभराने एखादी बाई यायची, दर विचारायची आणि जायची. सरबत आपला संत्री पुसत उभा. आईच्या मनात गणित पक्कं झालं. असं चाललं तर पोराची नोकरी जाणार. अठरा वर्षं ह्याने असंच रिकामं उभं राहून काढली, आणि आपल्याला फोनवर सांगायचा अननस गोड आहे!

मग ती कामाला लागली. तलावाच्या कडेला फिरून लोकांना गाठायला लागली. एक गुडघे दुखणारी बाई होती, तिला पटवून पटवून काउंटरवर आणलं आणि अननसाचा रस पाजला. माझ्या मुलाचा हात आहे, एकदा घेऊन बघा, असं ती अनोळखी माणसांना सांगत होती. सरबताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि गिऱ्हाईक मिळालं नाही की ती स्वतःच घ्यायची. तिला फुकट द्यायची सोय नव्हती, फळ न् फळ मोजलेलं. पैसे खोलीतच राहू दे म्हटलं तरी रुमालात बांधून आणलेले पैसे ती सोडायची, काउंटरवर ठेवायची आणि एक ग्लास संपवायची. पहिल्या दिवशी दोन. दुसऱ्या दिवशी चार.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने सहाव्यांदा रुमालाची गाठ सोडली. आंबट ढेकर आला, तो तिने पदराआड लपवला.  तिच्या बोटांवर इस्त्रीचे जुने डाग होते, सगळे त्याच्या ओळखीचे.  आपल्या खोटेपणाचं बिल ही म्हातारी भरतेय, आणि आपण सुटे परत देतोय. त्याने तिचा हात धरला.

"आई, नको. माझी नोकरी जात नाही. मी इथे नसतोच. मी त्या तिथे असतो."

तिने तो बोट दाखवत होता तिकडे पाहिलं.

"किती दिवस?"

"अठरा वर्षं."

तिने रुमालाची गाठ परत बांधली. सावकाश, दोनदा. म्हणाली, "आणि मी गल्लीभर सांगत फिरले." एवढंच. उठली आणि गेली. तो तिथेच उभा राहिला. ओरडली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं.

जेवायला ती आली नाही. त्याने दार वाजवलं, आतून उत्तर नाही. सकाळी खोल्या झाडणाऱ्याने बातमी आणली, की तुझी आई पाहुण्यांच्या कपडे धुवायच्या खोलीत आहे. तिथे भिंतीला साखळीने बांधलेली एक इस्त्री होती. बॅगेतले सगळे कपडे, न घातलेलेसुद्धा, पसरून ती पहिल्यापासून इस्त्री करत होती. सरबत दारापर्यंत गेला. तिने मान वर केली नाही. लहानपणापासून त्याला माहीत होतं, आई अशी इस्त्रीला लागली की मध्ये बोलायचं नसतं. तो परत फिरला.

आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तो आपला बारवर जाऊन उभा राहिला. रसवाल्या मुलीने सुटकेचा श्वास सोडला, कारण तीन दिवसांत बारची पार रया गेली होती. दुपारी लोक खुर्च्यांवरून घसरत होते. एक टोपीवाले आजोबा होते, एकटेच आलेले. ते सकाळीच बसायचे आणि दुपारच्या जेवणापर्यंत त्यांना जेवणाची खोली सापडायची नाही.

बारा वाजता आई आली. बारसमोरच्या उंच स्टुलावर तिला चढता येईना. टोपीवाल्या आजोबांनीच हात दिला, ती चढून बसली.   कपड्यांच्या गठ्ठ्याकडे बघावं तसं सरबताच्या हातांकडे बघत बसली.

अर्धा तास गेला. मग तिला बाटल्यांच्या मागे ठेवलेले ते छोटे पेले दिसले. सात-आठ पेले, आणि त्यांत लाकडी काड्या. एकात एक, एकात तीन, एकात चार. कुणाला ग्लास दिला की सरबत न बघता त्याच्या पेल्यात एक काडी टाकत होता.

तेवढ्यात टोपीवाल्या आजोबांनी रिकामा ग्लास पुढे सरकवला. सरबताने त्यांच्या पेल्याकडे पाहिलं. चार काड्या. त्याने पाण्याचा मोठा ग्लास भरून त्यांच्यासमोर ठेवला आणि वर सुक्या बिस्किटांची बशी.

"हे काय?" आजोबा चिडले. "भाड्यात आहे ना सगळं?"

"भाड्यात आहे साहेब, पळून कुठे जातंय? आधी हे पाणी. मग आपण खाली जाऊन जेवून या. आज सूप चांगलं आहे. आल्यावर हेच स्टूल तुमचं."

आजोबा पुटपुटले, टोपी नीट केली, पाणी प्यायले आणि बिस्किटं खिशात घालून जेवायच्या खोलीकडे गेले. सरळ गेले.

आईने विचारलं, "त्या काड्या कसल्या?"

"कुणाचा कितवा, त्याच्या."

"कंपनी मोजायला सांगते?"

"नाही. भाड्यात आहे ते कंपनी मोजत नाही. मीच मोजतो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून." मग तो म्हणाला, "तुझ्या टेबलावर दहा कपडे झाले की वाटीत एक काडी असायची ना. तीच."

 तिने चष्मा काढला, पुसला, घातला. डोळ्यांतलं पाणी पुसायची लाज तिला कधीच वाटली नव्हती, तेही पुसलं. तिला काय आठवलं ते त्याला कळलं. कोपऱ्यावरचं ते दुकान दोघांनाही एकदमच आठवलं होतं. त्याने तिला बर्फ न घालता लिंबाचं पाणी करून दिलं. बारवरचं लिंबू भाड्यातलं आहे, म्हणाला. तिने ते घेतलं आणि मीठ कमी आहे म्हणाली.

उरलेले दोन दिवस ती त्याच स्टुलावर बसली. ती असेपर्यंत सरबताला काड्या टाकायच्या राहिल्याच नाहीत, कारण त्याचा हात गुंतला की तीच टाकायची. टोपीवाल्या आजोबांना तिने एकदा पाचव्याच्या आधी नुसतं डोळ्यांनी अडवलं. ते घाबरून चहावर आले.

शेवटच्या दिवशी उतरायच्या रांगेत सरबत तिची बॅग घेऊन मागे उभा होता. पुढे ती गुडघेवाली बाई होती. वळून म्हणाली, तुमच्या मुलाने तो अननसाचा रस फार छान केला होता हो, सरबताच्या काउंटरवरच असतो ना तो?

सरबताने मान खाली घातली. अठरा वर्षांत आईने ह्या प्रश्नाला किती वेळा हो म्हटलं असेल, देव जाणे.

"नाही," आई म्हणाली. रांगेतल्या चार जणांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. "माझा मुलगा बारवर आहे. मोजून देतो."

मग तिने त्याच्या हातातली बॅग घेतली, कॉलर उसवलीय म्हणून त्याला बजावलं, आणि कठड्याला धरून सावकाश उतरायला लागली.