हिमोफिलिया आणि माझं ‘बरोबर’

मुलगी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि पॅथॉलॉजीच्या व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, तीन आठवडे उरले होते. रक्ताचे आजार तिचे पाठ व्हायचे, पण टिकायचे नाहीत. म्हणून रोज संध्याकाळी ती चाळीच्या गॅलरीत येरझाऱ्या घालत उत्तरं म्हणायची. मी खुर्चीत तिची वही धरून बसायचो. प्रश्न वाचायचा, उत्तर पडताळायचं, ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणायचं, एवढंच माझं काम.

आता सांगून टाकतो. वहीच्या आत माझा मोबाइल असायचा आणि मोबाइलवर मॅच. प्रश्न मी इमानदारीत वाचायचो, पण ती उत्तर द्यायला लागली की नेमका बॉल पडायचा. मग मी ‘बरोबर’ म्हणायचो. ‘चूक’ म्हटलं की काय चुकलं तेही सांगावं लागतं.

फणसवाडीतल्या आमच्या मजल्यावर कुणाचं काही खाजगी राहत नाही. शेजारच्या काकू दारात भाजी निवडत सगळं ऐकायच्या. व्हायवाच्या आदल्या संध्याकाळी गवारीची शेंग मोडता मोडता त्या मला म्हणाल्या, “अहो, त्या हिमोफिलिया ए-मध्ये काल फॅक्टर आठ कमी होता. आज ही नऊ म्हणतेय. तुम्ही दोन्ही दिवस बरोबर म्हणालात.”

मुलगी थांबली. “बाबा?”

मी मोबाइल मांडीखाली सरकवून पान पाहिलं. रक्त गोठवणारा तो फॅक्टर आठच होता. नऊ हिमोफिलिया बी-मध्ये.

“तुझी चूक तुझ्या लक्षात येते का ते बघत होतो,” मी म्हणालो. “परीक्षकसुद्धा मुद्दाम बरोबर म्हणतात कधी कधी.”

काकूंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढची शेंग घेतली. मुलगी मात्र खूश. “भारी आहेस रे बाबा. मैत्रिणींनापण सांगते.”

दुसऱ्या दिवशी ती परत आली आणि चप्पल न काढताच बसली. सरांनी विचारलं होतं, लोह कमी पडून होणाऱ्या ॲनिमियात फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा सांगणारं प्रथिन, कसं असतं? ती म्हणाली, कमी. सर म्हणाले, करेक्ट. हिला वाटलं, मुद्दाम म्हणतायत. “सॉरी सर, जास्त.” पुढच्या दोन प्रश्नांनाही तेच. तिसऱ्याला सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“नापास झाले तर परत सहा महिने, बाबा.”

तेव्हा मी सांगितलं. सगळं, मॅचसकट.

तिने आता चप्पल काढली. “म्हणजे सरांचं करेक्ट खरं होतं?”

“हो.”

“आणि तुझं?”

“माझं... ऐकलेलंच नसायचं.”

तिने वही उघडली. “बस इथे. थॅलसेमियात फेरिटिन कसं असतं?”

“कमी?”

“चूक. का?”

निकाल लागेपर्यंत रोज संध्याकाळी मी गॅलरीत येरझाऱ्या घालत होतो. ती काठावर पास झाली. माझं अजून थॅलसेमियावर अडलंय.