डिंपल मॅडम आणि लवकर संपणारी गणितं

डिंपलनं कुठल्या ना कुठल्या गल्ल्यावर बसायचं, हे तिच्या जन्मापासूनच ठरल्यासारखं होतं. माहेरचं मंचरला किराणा दुकान, सासरचं घोडेगावात कापडाचं. पण ती डी.एड. झाली, झेडपीत लागली आणि डिंभे धरणाजवळच्या एका दोन खोल्यांच्या शाळेत रमली. एसटीचा भरवसा नाही म्हणून तिनं स्कूटी घेतली. आज इतकी वर्षं झाली, तरी शाळेच्या चढावर गाडी आली की पोरं पळत येऊन पिशवी काढून घेतात.

तिसरी आणि चौथी तिच्याकडे एकाच खोलीत. एका जूनमध्ये तिसरीत श्रेया आली. बाप गोरख धरणात मासेमारी करणारा, आई मजुरीला, घरात आजी गोजरबाई. पोरगी किडकिडीत, अक्षर म्हणजे कोंबडीनं पाय ओढल्यासारखं. पण डिंपल फळ्यावर गणित लिहायची आणि खडू खाली ठेवायच्या आत श्रेया उत्तर सांगून मोकळी व्हायची.

डिंपलला कोण आनंद झाला! पाच गणितं झाली की तिनं आणखी दहा द्यावीत. ती झाली की आणखी. तीही संपली की म्हणावं, "आता अमरीनला शिकव." अमरीन श्रेयाच्या शेजारी बसायची. तिचा बाप जलालभाई धरणावरची मासळी घेऊन बाजारात विकायचा. अमरीन गणिताला घाबरायची, पाढ्यात अडखळायची, आणि श्रेया तिच्यावर खेकसायची, "अगं, किती येळा सांगू?"

दिवाळीनंतर श्रेया बदलली. सगळ्यांच्या शेवटी पाटी दाखवायला लागली. बेरजा चुकायला लागल्या. वर्ग चालू असताना खिडकीबाहेर बघत बसायची. डोळ्यांचं काही असेल, घरी काही बिनसलं असेल, असं मनात धरून डिंपल एका दुपारी तिच्या घरी गेली.

गोजरबाई ओट्यावर जाळं पसरून बसली होती. "या मॅडम, बसा. आमच्या बयेनं काय केलं?"

"काही नाही केलं, आजी. तीच तर काळजी आहे. हल्ली तिला साधी बेरीज येत नाही."

"बेरीज येत न्हाई?" म्हातारी हसली. "काल बापाला म्हनली, ह्या जाळ्याला एवढ्या गाठी हायेत. गोरख म्हनला, मोजल्यास कवा? तर म्हनती, सगळ्या न्हाई मोजल्या, उभ्या मोजल्या, आडव्या मोजल्या आन गुनल्या. आमचं लई डोकं खाती ती."

डिंपल स्कूटी चालवत घरी आली, पण तिचं लक्ष रस्त्यावर नव्हतं. म्हणजे पोरीला सगळं येतंय. फक्त शाळेत येत नाही. तिला थोडा रागच आला. आपण हिच्यासाठी एवढं जास्तीचं काढून देतो, आणि ही मुद्दाम चुकते?

संध्याकाळी सासूबरोबर मटार सोलताना तिनं ते बोलून दाखवलं. भंवरीबाई मारवाडातल्या एका खेड्यातून लग्न होऊन घोडेगावात आलेल्या, आता मराठीतच भांडायच्या आणि मराठीतच हसायच्या. सुनेचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी लहान असताना दळण फार भरभर दळायची. बहिणींचं व्हायच्या आधी माझं झालेलं असायचं. मग काकी काय करायची माहितीये? माझ्यापुढं आणखी एक टोपली बाजरी ओतायची. म्हणायची, हुशार आहे माझी पोर."

"मग?"

"मग काय, मी हळू दळायला शिकले."

डिंपलच्या हातातली शेंग तशीच राहिली. भंवरीबाईंना मात्र आपण काही विशेष बोललो असं वाटलं नव्हतं. त्या दाण्यांची परात उचलून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी डिंपलनं श्रेयाला जवळ बोलावलं. "आजच्या गणितांतली सगळ्यात अवघड दोन आधी सोडव. बरोबर आली, तर बाकीची माफ."

श्रेयानं संशयानं बघितलं. "माफ म्हंजे? नंतर करायची?"

"नाही. करायचीच नाहीत."

"आन अमरीनला शिकवायचं?"

"ते माझं काम आहे. तुला नको असेल तर नको."

दोन्ही गणितं बघता बघता सुटली. पण पुढं काय? चौथीच्या पोरांबरोबर गणिताला बसवलं, तर संक्रांतीपर्यंत तेही पुस्तक तिनं फस्त केलं. शुद्धलेखनाला मात्र ती तिसरीतल्या कच्च्या मुलांबरोबरच बसायची, कारण तिथं ती खरोखरच कच्ची होती. तिला आणखी गणितं नको होती, जिथं अडकायला होईल असं काहीतरी हवं होतं, आणि डिंपलकडे तसं फारसं काही नव्हतं.

तेवढ्यात ती माहेरी गेली. वडील सुवालाल दुकानात जुना तराजू पुसत होते. म्हणाले, "आमचे मास्तर एक कोडं घालायचे. फक्त तीन वजनं घ्यायची, कुठली ते आपणच ठरवायचं. तेवढ्या वजनांनी एक किलोपासून तेरा किलोपर्यंत प्रत्येक किलो मोजता आला पाहिजे."

"कुठली वजनं?"

"ते विसरलो बघ. पण होतं एवढं नक्की."

डिंपलनं तराजू स्कूटीवर बांधून शाळेत नेला आणि कोडं सगळ्या वर्गालाच घातलं. वजनांऐवजी वाळूच्या छोट्या पिशव्या भरल्या, एका किलोला एक वाटी वाळू. खोलीत नुसता गलका. श्रेयानं लगेच सांगितलं, "एक, दोन आन चार. सातपर्यंत जातंय."

"तेरापर्यंत जायचंय."

श्रेया तासभर झगडली. मग एकाएकी तिनं कागद टराटरा फाडला आणि रडायला लागली. कधी न अडलेली पोरगी, अडणं म्हणजे काय हेच तिला ठाऊक नव्हतं. "मला येत न्हाई! मी ढ झाले!"

डिंपल तिच्याजवळ जमिनीवर बसली. "मलासुद्धा येत नाही, श्रेया."

रडणं थांबलं. "तुमाला पन?"

"खरंच नाही. काल घरी बसून केलं, नाही जमलं. आज दोघी मिळून करू."

दोघींनी पिशव्या पुन्हा मांडल्या. अमरीन मागं उभी राहून बघत होती. बराच वेळ धीर गोळा करून ती पुटपुटली, "मासळीच्या बाजूला वजन टाकलं तर?"

"काय?" श्रेयानं वळून पाहिलं.

"अब्बा टाकतात. चार किलो मासळी द्यायची असली, की इकडं पाच किलोचं माप ठेवतात आन तिकडं मासळीत एक किलोचं."

श्रेयानं झटकन दोनची पिशवी बाजूला सारली. "मंग दोन कशाला पायजे? तीन घेऊ. तीनातून एक गेला की दोन. एक आन तीन, चारपर्यंत झालं!" आता तिच्या बोलण्याला तिचेच हात पुरेनात. "आता पाच. पाच म्हंजे... नऊतून चार काढायचे. मॅडम, नऊ! एक, तीन, नऊ!"

मग तिघींनी एकेक करून तेरापर्यंत सगळं तोलून पाहिलं. पिशव्या अमरीननं ठेवल्या. कुठली कुठल्या पारड्यात हे तिला न सांगता कळत होतं, आणि श्रेया त्या दिवशी एकदाही खेकसली नाही.

त्यानंतर डिंपलची शिकवायची रीतच पालटली. धडा सुरू करायच्या आधी ती विचारते, "हे कुणाला येतं?" ज्यांना येतं, त्यांना तेच पुन्हा करायला लावत नाही. आणि आठवड्यातून एकदा अख्ख्या वर्गापुढं असा प्रश्न टाकते, ज्याचं उत्तर पुस्तकात नसतं. कधी तो फसतो, गोंधळ होतो, शेजारच्या वर्गातून आवाज कमी करायचा निरोप येतो. तरी ती टाकते.

श्रेया पाचवीला मोठ्या शाळेत गेली, तेव्हा डिंपलनं तिथल्या शाहनवाज सरांना फोन केला. "तिला जास्त देऊ नका, वेगळं द्या. आणि कधी अडून रडली तर घाबरू नका."

"मॅडम, माझ्या वर्गात पोरं लई हायेत. हे सगळं जमायचं कसं?" सर म्हणाले.

"मलाही पहिल्यांदा नव्हतं जमलं. एक दिवस या आमच्याकडे, बसून बोलू." सर खरंच आले, चहा घेत दुपारभर बसले.

यंदा तिसरीत शौर्य नावाचा मुलगा आहे. धरणावर येणारा प्रत्येक पक्षी तो आवाजावरून ओळखतो, आणि पाढे विचारले की बाकाखाली जातो. त्याच्यासाठी काय करायचं, ते डिंपलला अजून सुचलेलं नाही. सध्या ती मधल्या सुट्टीत त्याच्याबरोबर पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहते, आणि तो सांगेल ती नावं पाठ करते.