वायुदलातला जनरल आणि पीटीचा सर

बातमी मला परिपाठाच्या वेळी सापडली. सकाळच्या प्रार्थनेनंतर मुलं पेपरातल्या चार बातम्या वाचून दाखवतात. त्या निवडून द्यायचं काम मी स्वतःकडे घेतलं होतं, कारण मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून दुसरं काय करायचं ते मला अजून कळत नव्हतं. फिलिपिन्समध्ये वायुदलातला एक जनरल सगळ्या सैन्यदलांचा प्रमुख झाला होता. तिकडे हे पद बहुतेक वेळा पायदळवाल्यांकडे जातं, असंही खाली लिहिलं होतं. ती बातमी मी मुलांना दिली नाही. कापून खिशात ठेवली.

त्याचं कारण असं की मी पीटीचा सर. अमरावतीला राजापेठेजवळच्या शाळेत सव्वीस वर्षं खो-खो, कबड्डी आणि पंधरा ऑगस्टची कवायत केली. पीटीच्या सराला शाळेत मान असतो, पण तो कार्यक्रमापुरता. रांगा लावायच्या, माइक तपासायचा, पाहुण्यांच्या खुर्च्या पुसून घ्यायच्या. मग संस्थेची सेवाज्येष्ठता यादी लागली, माझं नाव वर निघालं आणि अकोल्याच्या शाळेचा मुख्याध्यापक म्हणून ऑर्डर हातात पडली. चांदूर बाजारकडे आमचा भाजीपाल्याचा मळा आहे. तिथून मोठ्या भावाचा फोन आला, "लय उनात राह्यला तू. आता सावलीत बस."

अकोल्यात सावली नव्हती. तिथे गणिताच्या बाई वर्षभर प्रभारी मुख्याध्यापिका होत्या. शाळा चोख चालवत होत्या, शिवाय दहावीचं गणितही शिकवत होत्या. यादीत त्या माझ्या खाली होत्या, तेही चार महिन्यांच्या फरकाने. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्यासमोर ठेवला, चार्ज दिल्याची सही घेतली आणि "बरं" एवढंच म्हणाल्या. त्यांच्या जागी मी असतो तर एवढंही म्हटलं नसतं.

बातमी सापडली त्याच्या आदल्या दिवशी शिक्षकांची पहिली सभा झाली होती आणि तीत मी माती खाल्ली होती. वेळापत्रकावरून सगळे एकदम बोलू लागले. मी दोनदा "ऐका, ऐका" म्हटलं. कुणी ऐकेना. मी तसा तापट. हात सवयीने गळ्याकडे गेला आणि मी शिट्टी वाजवली. खोली चिडीचूप झाली, एवढं खरं. गणिताच्या बाईंनी वही मिटली. "सर, आमी मैदानावर नाही बसलो," म्हणाल्या आणि निघून गेल्या. मागोमाग विज्ञानवाले उठले, मग भाषावाले. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्याच आठवड्यात क्लार्कला नमुना विचारून मी संस्थेला पत्र लिहिलं. घरगुती अडचणीमुळे हे पद सांभाळणं जमणार नाही, मला मूळ जागी परत घ्यावं. तारीख तेवढी घातली नाही. कप्प्यात टाकलं आणि मोबाइलवर त्या जनरलची माहिती शोधत बसलो.

अकादमी, प्रशिक्षण, हवाई तळ, मुख्यालय, मग सगळ्यात वरची खुर्ची. एकाखाली एक पदं मांडलेली. मला हवं होतं ते मात्र कुठेच नव्हतं. ज्यांनी उभा जन्म चिखल तुडवण्यात घालवला त्या पायदळाच्या अधिकाऱ्यांसमोर हा माणूस पहिल्या सकाळी गेला, तेव्हा काय बोलला? आमच्यातलं याला काय कळतं, हे त्याने त्यांच्या नजरेत वाचलं असेलच. मग त्याने आपल्यालाही पायदळ कळतं असं सोंग आणलं, की आपल्याला जे दिसतं ते सांगितलं? लोकांच्या माहितीत पदं लिहितात, पहिला दिवस कुणी लिहीत नाही. मला त्या अनोळखी माणसाचा चक्क राग आला.

मुख्याध्यापकाने दर सत्रात प्रत्येकाचा एक तास पाहून लॉगबुकात शेरा लिहायचा असतो. शेरेही ठरलेले असतात. फलकलेखन सुंदर, प्रश्न योग्य, पुढील तासांस शुभेच्छा. बाईंनी आपण होऊन निरोप पाठवला, उद्या दहावी, भूमिती, या. गणित आणि मी यांचं कधी जमलं नाही, हे त्यांच्या कानावर गेलं असणार.

वरच्या मजल्यावरच्या त्या वर्गात मी शेवटच्या बाकावर बसलो. वर्तुळ, स्पर्शिका, प्रमेय. तिसऱ्या ओळीनंतर माझी दांडी उडाली. मग मी सव्वीस वर्षं जे केलं तेच करू लागलो. कोण कसं बसलंय, कुणाची मान कुठे वळतेय, कोण नुसतं हजेरीपुरतं आलंय, ते पाहू लागलो.

तास संपल्यावर लॉगबुक उघडलं. लिहिलं ते असं. प्रमेयाबद्दल लिहिण्याची माझी पात्रता नाही. खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावरची मुलगी फळा वाचत नाही, डोळे बारीक करून शेजारणीच्या वहीतून उतरवते, तिचे डोळे तपासावेत. डावीकडच्या शेवटच्या दोन बाकांना तासभरात एकही प्रश्न गेला नाही. बाई सगळा भार उजव्या पायावर घेऊन उभ्या राहतात, डावा गुडघा दुखत असावा. हा वर्ग उद्यापासून तळमजल्यावर भरेल.

वर्ग खाली आणला. चौथ्या दिवशी बाई माझ्या खोलीत आल्या आणि उभ्याच राहिल्या.

"त्या पोरीच्या बापाले बोलावलं होतं. चष्मा लागला तिले." त्या म्हणाल्या. "दोन वर्षांपासून मी तिले ढ समजून राहिली होती, सर."

मी समोरच्या खुर्चीकडे हात केला.

"गुडघ्याचं तर मी घरी बी नाही सांगितलं." मग त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं. "तुमी सोडून चालले म्हणे. क्लार्क सांगत होता."

"पत्र लिहिलंय," मी म्हटलं. "तारीख घातली नाही."

"बोर्डाची परीक्षा होईस्तोवर घालू नका."

त्यांनी समोरची खुर्ची ओढली, पाय सांभाळत बसल्या आणि वही उघडली.

"त्या डावीकडच्या दोन बाकांवर कोण काय करून राहिलं होतं, ते एकेकाचं सांगा."

मी सांगत गेलो आणि गणिताच्या बाई लिहून घेत राहिल्या.